वाडीला ‘पड’ म्हणू नका

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात केळीची बाग बघायला बोलावले होते. वाडीवाले काका सत्तरीच्या घरातले. “साहेब, करपा आलाय. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. आता जरा भारी औषध सांगा,” असे त्यांचे म्हणणे. मी पाने पाहिली. करपा असता तर पानावर आधी बारीक ठिपके दिसले असते, ते लांबट होऊन मध्ये राखाडी पडले असते. इथे ठिपका कुठेच नव्हता. पानांच्या कडा तेवढ्या सगळीकडून सारख्या जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या, आणि त्यातही खालच्या जुन्या पानांवर जास्त.

मी म्हटले, “काका, औषध राहू द्या. आधी विहिरीचे पाणी एक घोट तोंडात घ्या.”

त्यांनी घेतले आणि लगेच थुंकले. “मचूळ लागतंय. पावसाळ्यानंतर असं नव्हतं.” मग थोडा वेळ विहिरीत बघत राहिले आणि म्हणाले, “माझी आई ह्याच विहिरीचं पाणी प्यायला न्यायची.”

वाडीच्या मागे रस्त्यापलीकडे निळे पत्रे ठोकलेले होते. त्यापलीकडची दहा-बारा एकर जमीन एका बिल्डरने घेतली आहे, तिथे मोठी वसाहत येणार आहे, आणि त्यासाठी ती जमीन हरित पट्ट्यातून काढून रहिवासी पट्ट्यात टाकायची मागणी गेली आहे, ही गावातली चर्चा. काकांना केळीच्या पानांची काळजी होती, गावातल्या पोरांना वसाहतीची. या दोन गोष्टी एकच आहेत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

बांधकामाला परवानगी द्यावी की नाही, हा माझ्या खात्याचा विषय नाही. पण पीक, पाणी आणि माती हा माझ्या खात्याचा विषय आहे, आणि त्या तिन्हींच्या अंगाने बोलायला कोणाची हरकत नसावी.

हा पट्टा म्हणजे काय?

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला रेल्वेचा रूळ. या चौकटीत अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गास, गिरिज अशी गावे एकमेकांना लागून बसली आहेत. बाहेरून येणाऱ्याला नारळ-पोफळीची दाटी दिसते आणि “किती छान मोकळी जागा आहे” असे वाटते. प्रत्यक्षात इथे हातभर जागा मोकळी नाही. वर नारळ, त्याच्या सावलीत केळी, केळीच्या आसऱ्याने पानवेल, पाटाच्या कडेला अळू, आणि ऊन येते तिथे मोगरा, सोनचाफा, वांगी, भेंडी, माठ, मुळा. एकाच गुंठ्यात तीन-चार उंचीवर पीक घेणारी ही शेती आमच्या पदविकेच्या पुस्तकात ‘बहुमजली पीक पद्धती’ म्हणून शिकवली जाते. वसईच्या माणसाला ते नाव ठाऊक नसते. तो त्याला वाडी म्हणतो.

राजेळी केळ्याची सुकेळी इथलीच. दादरच्या फुलबाजारात पहाटे उतरणाऱ्या करंड्यांत इथली फुले असतात. डोक्यावर पाटी घेऊन पहाटेची लोकल पकडून मुंबईत भाजी विकणाऱ्या बायांनी इथली घरे उभी केली, पोरे शिकवली, पोरींची लग्ने केली. धारणा अर्ध्या-एक एकराची, पण पैसा रोजचा. ज्या शेतीत शेतकऱ्याच्या हातात रोज चार पैसे येतात, अशी शेती महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

गोडे पाणी कशावर उभे आहे?

समुद्राच्या इतक्या जवळ असूनही इथल्या विहिरी गोड्या कशा, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर समजले की वसाहतीचा प्रश्नही समजतो.

या पट्ट्यात जमिनीखाली समुद्राचे खारे पाणी आतपर्यंत शिरलेले असते. पावसाचे गोडे पाणी मुरते, ते खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. पाण्यावर तेलाचा थर राहावा, तसा प्रकार. आपली विहीर त्या वरच्या थरातून पाणी घेते. भूजलशास्त्रात याचा एक ठोकताळा आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडे पाणी असते. प्रत्यक्ष जमिनीत मातीप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण दिशा तीच राहते.

आता हाच हिशेब उलटा करा. उपसा वाढून पातळी १ फूट खाली गेली, तर खालून खारे पाणी ४० फूट वर चढायला बघते. वर फक्त फूटभराचा फरक दिसतो, म्हणून शेतकरी निर्धास्त असतो. खाली मात्र खारे पाणी विहिरीच्या तळाला येऊन टेकलेले असते. एप्रिल-मे महिन्यात अचानक पाणी मचूळ लागते ते त्यामुळे. आणि एकदा खारे झालेले पाणी गोडे व्हायला एक पावसाळा पुरत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र पुस्तकातून कळले नव्हते, पण त्यांची सोय बरोबर होती. रहाट होते. रेडा किंवा बैल फिरायचा, मडकी भरून यायची, आणि जनावर थकले की उपसा आपोआप थांबायचा. तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरायची. पुढे इंजिन आले, विजेचे पंप आले, बोअर आले. पंप थकत नाही, हाच त्याचा दोष. १९९० च्या दशकात रुळालगत उभ्या राहिलेल्या इमारतींना नळाचे पाणी नव्हते, तेव्हा याच पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी टँकरने तिकडे जात होते. त्याविरुद्ध इथल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, हे त्या वेळच्या माणसांना आठवत असेल. काही वाड्यांना तेव्हा लागलेला खारेपणा अजून गेलेला नाही.

केळी आणि पानवेल दोन्ही मिठाला नाजूक. पाण्याची क्षारता ज्या मापात मोजतात, त्यात ०.७ च्या आत असलेले पाणी बिनधास्त द्यावे. ०.७ ते ३ मध्ये जपून द्यावे, आणि ३ च्या वर गेले की बागेची आशा धरू नये. काकांच्या विहिरीचे पाणी तपासले, ते मधल्या गटात वरच्या टोकाला होते. म्हणजे वाडी अजून गेलेली नाही. पण शेजारी आणखी चार बोअर पडले तर ती जाईल.

एका एकराचा हिशेब

बिल्डरचा माणूस गावात येतो तेव्हा गुंठ्याचा भाव सांगतो. आपणही एकदा गुंठ्याचा हिशेब मांडू, पण पाण्याचा.

१ एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४ हजार चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे आपल्याकडचा एक चांगला झोडपणारा दिवस, तर ४ लाख लिटर पाणी पडते. १० हजार लिटरच्या टँकरने मोजले तर ४० टँकर. हंगामात २ हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर ८० लाख लिटर पडते. वाडीची माती भुसभुशीत, पालापाचोळ्याने झाकलेली, बांधाने अडवलेली. त्यातला चौथा हिस्सा मुरला असे धरले तरी २० लाख लिटर पाणी आपण न मागता जमिनीत जाते.

तीच जमीन स्लॅबखाली, डांबराखाली, फरसबंद आवाराखाली गेली की हे पाणी मुरत नाही. ते गटारात जाते, आणि गटार भरले की शेजाऱ्याच्या वाडीत.

दुसरी बाजू पाहा. १०० घरांची वसाहत, घरटी ५ माणसे, शहरी हिशेबाने माणशी दिवसाला १३५ लिटर. रोजचे ६७ हजार ५०० लिटर झाले. म्हणजे रोज जवळजवळ सात टँकर, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. नळ येईल असे सांगतात. येईपर्यंत काय? तोपर्यंत आवारात बोअर पडतो. जिथे पाणी मुरायचे थांबले, तिथूनच उपसा सुरू होतो. दोन्ही बाजूंनी विहीर मरते.

आणि नळ आला तरी ते पाणी कुठले? वसई-विरारला मोठा पुरवठा होतो तो सूर्या प्रकल्पातून. ते धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीसाठी, त्यातही आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीसाठी बांधले गेले. वसईची वाडी मोडून उभी राहिलेली वसाहत तिकडच्या कालव्याच्या पाण्यावर हक्क सांगते. एका ठिकाणची शेती मोडली की दुसऱ्या ठिकाणच्या शेतीलाही तहान लागते, ती अशी.

बावखल बुजले की पूर घरात

वसईच्या बाहेरच्या वाचकांना ‘बावखल’ हा शब्द नवा वाटेल. वाडीच्या एका बाजूला खणलेला, काठाने झाडी असलेला हा छोटा तलाव. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू मुरते, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवते. पूर्वी त्यावरूनच शिंपण होत असे. बहुतेक बावखले खासगी मालकीची, त्यामुळे त्यांना सरकारी संरक्षण फारसे नाही. भराव टाकायचा झाला की पहिला डंपर त्यातच रिकामा होतो.

जुलै २०१८ मध्ये काय झाले ते आठवा. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लांबच्या गाड्या वाटेत अडकल्या, प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावे लागले. मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली. वसईच्या कितीतरी सोसायट्यांत दोन-दोन दिवस वीज नव्हती. त्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि मुंबई आयआयटी यांच्याकडून पाहणी करून घेतली. पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारे धारण तलाव हवेत, असा त्यातल्या सूचनांचा एक महत्त्वाचा भाग.

तुंगारेश्वरच्या डोंगरावरून निघालेले पाणी पश्चिमेला येते. सखल भागात थांबते, मिठागरांत, खाजणात पसरते आणि ओहोटी लागली की खाडीतून समुद्रात जाते. भरतीच्या वेळी पाऊस असला तर ते पाणी काही तास कुठेतरी उभे राहावे लागते. ती जागा म्हणजे हे खाजण, ही मिठागरे, ही बावखले आणि या वाड्या. म्हणजे धारण तलाव आपल्याकडे होतेच. तज्ज्ञांना विचारून नवे खणायचे आणि असलेले बुजवायचे, असा उलटा कारभार आपण करतो. गेल्या काही वर्षांत काही गावांतल्या तरुणांनी एकत्र येऊन बावखले साफ केली, गाळ काढला, ही फार मोलाची गोष्ट आहे. त्यांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याइतकेच श्रेय दिले पाहिजे.

वसाहतीत घर घेणाऱ्या मुंबईकर कुटुंबानेही हे ऐकावे. तो गरीब माणूस आयुष्याची पुंजी घालून घर घेतो. ज्या भरावावर ते घर आहे तिथे पूर्वी पाणी उभे राहत होते, हे त्याला कोणी सांगत नाही. पाणी आपली जागा विसरत नसते.

ही काही पहिलीच वेळ नव्हे

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली. शहर वाढणार, पण त्याच्या मध्ये मध्ये शेती आणि झाडी राखलीच पाहिजे, हा हरित पट्ट्यामागचा विचार तेव्हापासून आपल्याकडे आहे. १९८८ मध्ये वसईच्या हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन नागरी विकासाला खुली करण्याचा घाट घातला गेला. त्यातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे नेतृत्व. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, धर्मगुरू आणि लेखक असलेल्या या माणसाने पाणी आणि जमीन हा विषय चर्चच्या आवारातून आणि देवळाच्या पारावरून एकाच वेळी गावापुढे ठेवला. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

१९९० मध्ये वसई-विरार भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले. तो विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावांनी ‘आम्हाला ग्रामपंचायतच हवी’ म्हणून आंदोलन केले. २९ गावे वगळण्याचा शासनाचा २०११ चा निर्णय पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. २०१६ मध्ये महानगर प्रदेशाच्या नव्या योजनेचा मसुदा आला. हरित पट्ट्यात बांधकामाला जास्त वाट करून दिली जाईल, या धास्तीने वसईकरांनी हजारोंच्या संख्येने लेखी हरकती दाखल केल्या. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. इतकी माणसे येऊन राहिली, तरी पश्चिमेला अजून हिरवे दिसते. ते आपोआप राहिलेले नाही. तीन पिढ्यांनी दर वेळी हातातले काम टाकून उभे राहून राखले आहे.

विकणाऱ्याला दोष देऊ नका

आता दुसरी बाजू. ती न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जमीन विकणारा शेतकरी गावाचा शत्रू नसतो. मी ज्यांच्या वाड्यांतून फिरतो त्यांतल्या अनेकांनी एखादा तुकडा विकलेला आहे. कोणाच्या घरी दवाखान्याचा खर्च आला, कोणाचे भाऊ-भाऊ वाटण्या करून बसले, कोणाचा मुलगा नोकरीला लागला आणि नारळावर चढायला माणूस मिळेना. केळीला भाव नाही, मजुरी परवडत नाही, वर पाणी मचूळ. अशा वेळी गुंठ्याचा भाव ऐकून कोणाचे मन हलणार नाही?

घराचा प्रश्नही खरा आहे. एका घरात तीन भाऊ, त्यांची सात मुले, आणि गावठाणात पाय ठेवायला जागा नाही. हरित पट्ट्यातल्या स्वतःच्या जमिनीत लेकराला घर बांधायला हेलपाटे घालावे लागतात आणि पलीकडे बिल्डरला सात मजले मिळतात, असे दिसले की माणूस चिडतो. एक तरुण मला म्हणाला, “साहेब, हरित हरित करून आम्ही काय झाडावर राहायचं?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण त्याच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. गावच्या माणसाला गावठाणालगत घर मिळणे, म्हणजे गावठाण विस्तार, ही गरज आहे आणि ती गावाने जोरात मागावी. दहा-बारा एकर वाडीवर विक्रीसाठी इमारती उभ्या करणे हा धंदा आहे. पहिल्याचे दुःख पुढे करून दुसऱ्याला दार उघडायचे, ही चाल आता गावाने ओळखली पाहिजे.

खरी लढाई उताऱ्यावर

आता मुद्द्याचे. दोन वर्षांपूर्वी एका सुनावणीला मी श्रोता म्हणून बसलो होतो. गावातून चाळीस-पन्नास माणसे आली होती. एक भाजीवाली बाय उठली. “आमच्या घरात तीन पिढ्या ह्या वाडीवर जेवल्या,” म्हणून सांगू लागली. बोलणे इतके मनापासून होते की सगळे गप्प झाले. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे कागद उलटला आणि म्हटले, “आजी, तुमच्या शेजारच्या गटांच्या उताऱ्यावर गेली पाच वर्षे ‘पड’ अशी नोंद आहे. तुमच्या स्वतःच्या उताऱ्यावर फक्त गवत दाखवलंय.”

आजी खाली बसल्या. खोटे त्या बोलत नव्हत्या, आणि अधिकारीही खोटे बोलत नव्हते. कागद खोटा होता, आणि तो आपणच खोटा राहू दिला होता.

सातबारातला गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. त्यात कोणते पीक, किती क्षेत्र, पाणी कशाचे हे येते. वाडीवाल्याला पीक कर्ज नको असते, विमा नको असतो, म्हणून तो तिकडे बघत नाही. मग केळी, पानवेल, फुले, भाजी यांतले काहीही न येता वर्षानुवर्षे गवत नाही तर पड असा शेरा चालत राहतो. बावखल ‘पोटखराबा’ या एका शब्दात गडप होते. विहीर आहे, पण उताऱ्यावर विहीर नाही. विकास योजना आखताना आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा करतात. त्यात तुमची वाडी रिकामी दिसली, की पुढे तिच्यावर रंग बदलायला वेळ लागत नाही. उताऱ्यावर जी जमीन ओसाड, ती सर्वांत आधी जाते.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, मोर्चा काढायचा तेव्हा काढा, पण त्याआधी ही कामे करा.

पहिले, आपला सातबारा काढून नमुना १२ वाचा. घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, त्यामुळे शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू शकतो. प्रत्येक हंगामात ती करा. मिश्र पीक असेल तर मिश्र म्हणून सगळी पिके टाका. नारळाची झाडे मोजून लिहा. फोटो वाडीत उभे राहूनच घ्या.

दुसरे, विहीर आणि बावखल यांची नोंद नसेल तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

तिसरे, विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तपासा. एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात. स्वच्छ बाटलीत, तारीख आणि गट नंबर लिहून प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल जपून ठेवा. पाच वर्षांचे अहवाल हातात असले तर ‘पाणी खारे होते आहे’ हे तुमचे रडगाणे राहत नाही, पुरावा होतो.

चौथे, गावातली बावखले मोजा. कोणत्या गटात, लांबी-रुंदी किती, पाणी कधीपर्यंत टिकते, याची यादी ग्रामसभेपुढे किंवा प्रभागात ठेवून ठराव करून घ्या.

पाचवे, विकास योजनेचा मसुदा किंवा पट्टा बदलाची सूचना प्रसिद्ध झाली की हरकतीची मुदत साधारण ३० दिवसांची असते. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. गावाने दोन माणसे फक्त यावर लक्ष ठेवायला नेमावीत. एकच मजकूर छापून शंभर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गट नंबराची, आपल्या पिकाची, आपल्या विहिरीची हरकत द्यावी. सोबत उतारा आणि पाण्याचा अहवाल जोडावा. सुनावणीला हजर राहावे. न गेलेल्याची हरकत कागदावर राहते, पण तिला तोंड नसते.

सहावे, बागेला पाणी देताना पंप सलग चालवू नका. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, मध्ये विहिरीला विसावा. ठिबक आणि पाचटाचे आच्छादन करा. नवा बोअर मारून खोल जाऊ नका. या पट्ट्यात खोल गेले की गोडे मिळत नाही, खारेच मिळते. दुसऱ्याच्या उपशाविरुद्ध बोलायचे तर आपला हात आधी स्वच्छ असावा.

काकांच्या वाडीवर मी परत गेलो तेव्हा ते बावखलाच्या काठावर बसले होते. नातवाने आणि त्याच्या मित्रांनी जलपर्णी काढून काठावर टाकली होती. उतारा काढून आणला होता, त्यावर ‘गवत’ असे होते. नातू मोबाईल घेऊन केळीचे फोटो घेत होता. काका त्याला सांगत होते, “नारळ सुटता कामा नये हं. बत्तीस आहेत. मागच्या कुंपणापाशी एक आहे, तोही घे.”

पाणी अजून मचूळच आहे. पत्रे अजून ठोकलेलेच आहेत. वसाहतीच्या मागणीचे काय होईल ते सुनावणीत ठरेल. पण त्या सुनावणीत पुढच्या वेळी कागद उलटला जाईल, तेव्हा निदान एका गटाच्या उताऱ्यावर केळी असेल, पानवेल असेल, विहीर असेल आणि बत्तीस नारळ असतील. गावातल्या प्रत्येक वाडीचा उतारा असा असला तर तिला मोकळी जागा म्हणायची हिंमत कोणाला होणार नाही.